आपण ज्याला उष्णता म्हणालो

मंडळी, मागे उभे आहात त्यांनी पुढे या. इथे खुर्च्या रिकाम्या आहेत. कुणी शारजाहून दुबईला आलंय, कुणी अबू धाबीहून. शुक्रवारची एक सुट्टी मिळते, ती बाजूला ठेवून आलात. समीरसाठी आलात. मंदाताई, अरविंदराव, गौरी, एकदा मागे वळून बघा. हॉल भरला आहे. तुमच्या मुलासाठी, गौरी, तुझ्या नवऱ्यासाठी भरला आहे.

मी जन्मभर वर्गात बोलले. फळ्याकडे तोंड करून बोलले तरी शेवटच्या बाकावर ऐकू जायचं. माझ्या शाळेतल्या नन्स म्हणायच्या, बोलायचं तर मोठ्याने बोल, नाहीतर खाली बस. आज मात्र हातात माईक असून माझा आवाज खाली जातोय. शेवटच्या रांगेला जाणवत असेल. तुम्हाला वाटेल, टीचरना रडू येतंय. नाही. रडून झालं. मी घाबरले आहे.

कशाला घाबरले ते आधी सांगते, म्हणजे पुढचं बोलणं तुम्हाला नीट कळेल.

समीर गेला त्यानंतर, याच आठवड्यात, दुपारी माझ्या घरचा फोन वाजला. मी घेतला. पलीकडे नुसता श्वास.

मी म्हटलं, "कोण बोलतंय?"

"Teacher, I was in your class."

"नाव सांग, आठवेल मला."

"No, Teacher. Please."

मग तो आवाज म्हणाला, "What Sameer had, I also have. उष्णता."

बाकी सगळं इंग्रजीत. तेवढा एकच शब्द मराठी. आणि इंग्रजीत बोललं ते त्याच्या दृष्टीने बरंच झालं. मराठीत 'घेतो' म्हणाला असता की 'घेते' म्हणाली असती, तेवढ्यावरून मला निम्मं कळलं असतं. इंग्रजीत काही कळत नाही. फोनवर कुजबुजणारा आवाज मुलाचा की मुलीचा, तेही मी आज सांगणार नाही. मला खरंच माहीत नाही.

मी विचारलं, "गोळी?"

मग, "Only for work, Teacher. Everybody on the project is tired."

"कधी थांबणार?"

"After handover. इन्शाल्ला."

आणि मग त्या आवाजाने मला एक प्रश्न विचारला. मी इतकी वर्षं मुलांचे प्रश्न ऐकले. असा नव्हता ऐकला. "Teacher, jail or die, which one will come first?"

मी म्हटलं, आत्ता ये, जिथे असशील तिथून ये, मी दार उघडते. तर म्हणे, "I will be there on Friday. For Sameer." आणि फोन ठेवला.

आज शुक्रवार आहे. तो आवाज या हॉलमध्ये आहे. तुमच्यापैकी कुणाच्या तरी शेजारी बसला आहे. मी आज त्या एका व्यक्तीशी बोलणार आहे. बाकीच्यांनी ऐकलं तर चालेल.

सभेच्या आधी मुकुंदराव मला त्या खांबापाशी घेऊन गेले. आपल्या मंडळाचे मुकुंदराव, भला माणूस आहे. म्हणाले, "टीचर, पाच मिनिटं बोला. त्याच्या शाळेतल्या आठवणी सांगा. आणि प्लीज, तो विषय नको."

मी म्हटलं, "कोणता विषय?"

"तोच हो. उन्हाचा त्रास झाला असं म्हणू. सगळ्यांना तेच सांगितलंय."

"आणि कुणी विचारलं तर?"

"कोण विचारतंय, टीचर? सगळ्यांना आपापले व्हिसा सांभाळायचेत."

मुकुंदराव, खाली बघू नका. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. माझाही व्हिसा माझ्या मुलाच्या नावावर आहे. तो तिकडे दाराशी उभा आहे आणि आई आता काय बोलणार म्हणून त्याचा चेहरा पडलाय. पण मी काल गौरीकडे गेले होते. तिला म्हटलं, मी बोलू का? ती म्हणाली, "बोला. सगळं बोला." मंदाताईंनी मान हलवली. अरविंदराव नाही म्हणाले नाहीत. ज्यांनी विचारायचं त्या सगळ्यांनी या घराला विचारून झालं आहे. तपासायचं ते तपासून झालं, लिहून घ्यायचं ते घेऊन झालं. परवा हे तिघं अस्थी घेऊन पुण्याला जातील. सरकारला सगळं कळलं आहे. कळलेलं नाही ते फक्त या हॉलला.

समीर उन्हाने गेला नाही. समीर जागं राहायची गोळी घेत होता. बरेच महिने घेत होता. अँफेटामिनच्या जातीची, जिला डॉक्टर उत्तेजक म्हणतात, ती. म्हणजे नशेची गोळी. झालं. मी शब्द उच्चारला आणि छत कोसळलं नाही.

तुम्हाला समीर माहीत आहे तो मोठा झालेला, टाय लावलेला, मरीनातल्या टॉवरवरचा प्लॅनिंग इंजिनिअर. मला माहीत आहे तो आठवीतला. खिडकीजवळचा बाक, शर्टाला शाईचा डाग. मी पेशी शिकवत होते. फळ्यावर मोठा गोल काढला, केंद्रक काढलं, हात वर. "Teacher, can a cell get scared?" सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, "समीर, पेशीला मन नसतं. खाली बस." तो बसला. पण मान वाकडी करून त्या गोलाकडे बघत राहिला, जसं काही मी त्याला अर्धंच उत्तर दिलंय.

अर्धंच होतं. सांगते पुढे.

गेल्या वर्षी त्याच्या टॉवरच्या हँडओव्हरची, इमारत मालकाच्या ताब्यात द्यायची घाई सुरू झाली. तुमच्यापैकी निम्मे लोक त्याच धंद्यात आहात, तुम्हाला सांगायला नको. आज जबल अलीच्या बंदरात माल अडकला, उद्या ड्रॉइंग बदललं, परवा क्लायंट साइटवर येणार. समीर सगळीकडे. आमच्याकडे आला की बसायचाच नाही. खुर्चीच्या कडेला टेकायचा, गुडघा हलत राहायचा. बोलणं इतकं भरभर की माझा नवरा म्हणायचा, "अरे, विमान पकडायचंय का तुला?" मी म्हणायचे, "जेवून जा." तो म्हणायचा, "भूकच नाही, टीचर. हँडओव्हर झालं की बघा कसा जेवतो. हँडओव्हर झालं की खलास, एक महिना झोपणार."

हँडओव्हर झालं की. लक्षात ठेवा हे शब्द. फोनवरही हेच शब्द होते.

आणि मग त्याला उष्णता झाली.

मराठी घरात उष्णता झाली म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. तोंड आलं? उष्णता. तळपायांची आग? उष्णता. डोळे लाल, झोप नाही, चिडचिड, वजन उतरलं, ओठ फुटले? उष्णता, उष्णता, उष्णता. आणि इथे तर बाहेर बघा, ऑगस्टात गाडीचं दार उघडताना हात पोळतो. इथे उष्णता नाही तर काय थंडी होणार? समीरला यातलं सगळं होत होतं. शिवाय तो दात खायचा. गौरी सांगते, दिवसा जागा असतानासुद्धा जबडा आवळलेला, दातावर दात घासल्याचा आवाज शेजारच्या माणसाला ऐकू यायचा. तेही उष्णतेत गेलं. लहान मुलं दात खातात ती जंताने आणि मोठी माणसं उष्णतेने, इतकं आपलं वैद्यकशास्त्र सोपं आहे.

मंदाताईंनी काय केलं? तुम्ही केलं असतं तेच. सब्जा भिजवला. गुलकंद मागवला. धण्याजिऱ्याचं पाणी, कोकम सरबत. आणि काशाची वाटी काढली. इथे जन्मलेल्या मुलांना माहीत नसेल म्हणून सांगते. तळपायाला तूप लावायचं आणि काशाच्या वाटीने घासायचं. घासता घासता तळपाय काळा होतो. जितका काळा तितकी उष्णता निघाली. मंदाताईंनी मला स्वतः दाखवलं होतं. समीर सोफ्यावर आडवा, पाय आईच्या मांडीवर, आणि तळवे काळेकुट्ट. "बघा टीचर, केवढी उष्णता होती पोरात!" आणि समीर हसत होता. "Mom is draining me," म्हणाला.

मंडळी, तो काळा रंग वाटीचा असतो. तुपात आणि घामात काशाचा अंश उतरतो आणि काळा होतो. माझ्या पायाला घासा, काळा होईल. मुकुंदरावांच्या पायाला घासा, काळा होईल. मंदाताई, रडू नका, मी तुम्हाला बोलत नाहीये. तुमचा हात त्याच्या पायावर होता, ते त्याला नक्की बरं वाटलं असणार. मी फक्त एवढंच म्हणते की आपण सगळे त्या काळ्या रंगाकडे बघून खूश झालो. आतलं काहीतरी बाहेर आलं असं आपल्याला वाटलं. बाहेर काहीच आलं नव्हतं.

कारण समीरच्या आत उष्णता खरोखरच होती. मला भीती वाटते ती याची. आपला शब्द चुकला नव्हता हो. जागा चुकली होती. आपण ती पायात शोधत होतो आणि ती मेंदूत होती.

मी निवृत्त आहे, मला वेळ आहे. समीर गेल्यावर मी मुलाच्या कॉम्प्युटरवर बसले आणि वाचत सुटले. जे कळलं नाही ते माझी एक जुनी विद्यार्थिनी मुंबईत मेंदूची डॉक्टर आहे तिला फोन करून विचारलं. मी डॉक्टर नाही. यातलं पुष्कळ उंदरांच्या मेंदूवर पाहिलेलं आहे, माणसात नेमकं किती होतं ते अजून शोधताहेत. तेवढं मान्य करून ऐका. मी आठवीला शिकवते तसं सांगते.

पेशीच्या आतलं सगळं काम प्रथिनं करतात. प्रथिन म्हणजे नीट घडी घातलेली वस्तू. घडी बरोबर असेल तरच ते काम करतं. घडी मोडली की ते निकामी होतं, आणि नुसतं निकामी नाही, दुसऱ्यांना चिकटत बसतं. अंडं तव्यावर घातलं की पांढरं होतं ना? ती घड्या मोडलेली, एकमेकांना चिकटलेली प्रथिनं. तो पांढरा भाग पुन्हा कधी पाण्यासारखा होत नाही.

आता ही गोळी. ती मेंदूतल्या पेशींना त्यांच्याकडची रसायनं भसाभस बाहेर टाकायला लावते. त्यातलं एक डोपामिन. म्हणून माणूस तरतरीत होतो, भूक नाही, झोप नाही, जग जिंकल्यासारखं वाटतं. पण ते रसायन नको तिथे, नको तेवढं साठलं की नासतं, आणि त्यातून पेशीच्या आत गंज चढावा तसं नुकसान सुरू होतं. त्याच वेळी अंगातलं तापमान वाढतं. बाहेर ऑगस्ट असेल तर आणखी वाढतं. एकीकडे गंज, दुसरीकडे उष्णता. घड्या मोडायला लागतात.

तेव्हा पेशी काय करते? पेशी घाबरते, समीर.

तिला मन नसेल, पण ती रोजचं काम थांबवते. सगळे गडी त्या कामावरून काढते आणि एकाच कामाला लावते, घड्या सांभाळा. त्यासाठी ती खास मदतनीस प्रथिनं तयार करते. मोडत्या घडीला धरून ठेवणारी, मोडलेली पुन्हा घालून देणारी. शास्त्रज्ञांनी त्यांना नाव काय दिलंय माहीत आहे? हीट शॉक प्रोटीन. उष्णतेच्या धक्क्याची प्रथिनं. मी ते नाव वाचलं आणि कॉम्प्युटर बंद करून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

धक्का एकदाच बसला, मग विश्रांती मिळाली, झोप मिळाली, तर पेशी सावरते. तिची तयारी असते तेवढी. पण आज गोळी, उद्या गोळी, मध्ये झोप नाही, जेवण नाही? मदतनीस कमी पडतात. मोडलेल्या घड्यांचा कचरा साठतो. पेशी दुरुस्तीचा प्रयत्न करत राहते, करत राहते, आणि एका टप्प्याला थांबते. दुरुस्ती होणार नाही असं ठरलं की ती स्वतःला संपवायला घेते. ओरडत नाही, दुखत नाही. आवराआवर करावी तशी शिस्तीत स्वतःला मोडते. आणि हे चाललेलं असताना वरचा माणूस क्लायंटला म्हणत असतो, "No problem, will be done by Sunday."

आपल्याकडे ताण या शब्दाला कुणी घाबरत नाही. उलट ज्याला ताण नाही तो रिकामटेकडा. "खूप स्ट्रेस आहे" हे आपण अभिमानाने सांगतो. समीरचा मॅनेजर परवा घरी आला होता, भला मोठा पुष्पगुच्छ घेऊन. मंदाताईंना म्हणाला, "Madam, your son was a machine." मी तिथेच बसले होते. मी म्हटलं, "मशीन गरम झालं की तुम्ही बंद करता, सर. माणसाला मात्र यल्ला, यल्ला, चल लवकर." त्याला 'यल्ला' तेवढं कळलं. तो लवकर गेला.

आता तो दिवस. गौरी, सांगू? बरं.

तोही शुक्रवारच होता. समीर सकाळी साइटवर जाऊन दुपारी घरी आला. अंग तापलेलं, पण घाम नाही. जबडा गच्च. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. गौरीला ओळखत होता, पण हातातल्या टॉवेलशी बोलत होता, त्याला ड्रॉइंग समजून. मंदाताईंनी ओल्या कापडाच्या पट्ट्या ठेवल्या. अरविंदरावांनी एसी वाढवला. गौरीने त्याचा शर्ट बदलताना खिशातून गोळ्या खाली पडल्या. पांढऱ्या, साध्या, डोकेदुखीच्या गोळीसारख्या. तिने समीरला विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, "व्हिटॅमिन." आणि लगेच, "Don't tell anyone."

घरातल्या तिघांना त्या क्षणी कळलं. आणि त्या क्षणापासून त्या घरात दोन भीती समोरासमोर उभ्या राहिल्या. तो मरेल ही एक. तो तुरुंगात जाईल ही दुसरी. या देशातला कायदा तुम्हाला माहीत आहे, मी शिकवायला नको. अरविंदराव म्हणाले, "थोडं थांबू. ताप उतरतोय असं वाटतंय." कुठला बाप वेगळं म्हणाला असता? उतरत नव्हता. तरी थांबले. मग त्याला फिट आली तेव्हा उचलून हॉस्पिटलात नेलं.

इमर्जन्सीत केरळची एक नर्स होती. तिने हिंदीत विचारलं, "कोई गोली लिया क्या? कोई दवाई?" तिघांनीही एकदम सांगितलं, नहीं. डॉक्टरने इंग्रजीत विचारलं. "No, Doctor. He was in the sun." त्याने पुन्हा विचारलं, नीट आठवा, काहीही असेल तरी सांगा. आणि मंदाताईंच्या तोंडून मराठीत निघालं, "त्याला आधीपासूनच उष्णता आहे हो."

त्यांनी तो शब्द मुद्दाम लपवायला वापरला नाही. त्यांच्या मनात त्या घटकेलाही तेच खरं होतं. किंवा तेच खरं असावं असं होतं.

खरं सांगितलं असतं तर वाचला असता का? मला माहीत नाही. माझी ती डॉक्टर विद्यार्थिनी म्हणाली, सांगता येत नाही, टीचर, पण डॉक्टरला काय झालंय ते कळलं तर तो अंधारात चाचपडत नाही. मी या कुटुंबाला दोष देत नाही. ज्याला द्यायचा असेल त्याने आधी स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलाच्या उशाशी बसून 'हो, डॉक्टर, घेतली आहे' असं मोठ्याने म्हणून बघावं. जमतंय का बघा.

आता मी तुझ्याशी बोलते. फोनवर होतं त्याच्याशी. बाकी कुणी इकडेतिकडे बघू नका. मी वर्गात सांगायचे तसं सांगते, माना सरळ.

तू विचारलंस, जेल की मरण, आधी काय येईल. त्या दुपारी मी नुसतं 'ये' म्हटलं. उत्तर आज देते. ते सगळं तू कुणाकडे आधी जातोस किंवा जातेस त्यावर आहे. मी काही स्वस्थ बसले नव्हते. एका डॉक्टरशी बोलले. ते म्हणाले, घेऊन या, आधी तपासतो, बाकीचं नंतर. एका वकिलांशी बोलले. ते म्हणाले, कायदा कडक आहे, पण उपचार मागायला आपणहून आलेल्या माणसाची गोष्ट वेगळी आणि पकडलेल्याची वेगळी. मी त्यांना विचारलं, खात्री देता? ते म्हणाले, नाही, पण मी सोबत येतो. मीही तुला खात्री देत नाही. मी खोटं बोलणार नाही तुझ्याशी. तुला भीती वाटते तेवढीच मलाही वाटते आहे. मी तुझ्यासोबत जाणार आहे, आणि माझं नावही कुठेतरी लिहिलं जाईल, आणि माझ्या मुलाचं. त्याला मी काल हे सांगितलं. तो चिडला. मग गाडीची किल्ली टेबलावर ठेवून म्हणाला, "आई, मी चालवतो. तू रस्ता चुकतेस."

पण अंग तापलं, जबडा लॉक झाला, छाती धडधडायला लागली, तर मला शोधू नकोस. डॉक्टर नाही, वकील नाही, टीचर नाही. सरळ इमर्जन्सी. आणि विचारतील तेव्हा खरं सांग. कोणती गोळी, केव्हा. जेलमधून माणूस परत येतो. मी सुनेला सांगून ठेवलंय, तुझ्यासाठी डबा मी देईन, कितीही दिवस.

हँडओव्हरची वाट बघू नकोस. समीरच्या टॉवरचं हँडओव्हर अजून झालेलं नाही. होईल. दुसरा कुणीतरी करेल. तुझंही करेल. इमारतीला तुझं नाव माहीत नाही. मला जर तू तुझं नाव सांगितलंस तर मला तुझा बाक आठवेल, तुझं अक्षर आठवेल, तुझ्या बाकावर कुणाचा डबा उघडायचा ते आठवेल.

आणि तुम्ही बाकीचे. उद्या तुमच्या घरात कुणी दात खाल्ले, कुणाचे तळपाय जळले, तर सब्जा द्या, जरूर द्या. पण देता देता विचारा. हळू विचारा, ओरडून विचारू नका. ओरडलात तर 'व्हिटॅमिन' हेच उत्तर मिळेल.

मंदाताई, अरविंदराव, गौरी. तुमच्या दुःखावर मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तुमचा मुलगा हुशार होता, आणि जो प्रश्न त्याने आठवीत विचारला तो बरोबर होता. हे मी पुण्याला आले की पुन्हा सांगेन.

आता आपण समीरसाठी मौन पाळू. मुकुंदराव, आज घड्याळ लावू नका. सांगते का ते.

सगळे उभे राहा. सगळ्यांनी डोळे मिटा. लहान मुलांचे डोळे आईवडिलांनी हाताने झाका. मीही मिटणार आहे. माझ्या डाव्या हाताला जिन्याकडे जाणारं दार आहे. मी त्या दाराला टेकून उभी राहते. जिन्याखाली माझा मुलगा गाडी घेऊन थांबेल. तू जिथे असशील तिथून चालत ये. चपलांचा आवाज होईल, होऊ दे. बोलू नकोस, नाव सांगू नकोस. फक्त माझ्या मनगटाला हात लाव. आपण दोघं जाऊ.

बाकीच्यांनी, पावलं ऐकू आली तरी डोळे उघडायचे नाहीत. नंतर कोण दिसत नाही ते शोधायचं नाही. आपल्याच शेजारची खुर्ची रिकामी असेल तर त्या खुर्चीवर आपली पर्स ठेवा.

आणि दार बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत कुणीही खाली बसायचं नाही.

समीर, बाळा, नमस्कार.

मिटा डोळे.